मले मराठी येते

माझी सून फिलिपिन्सची. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण नागपुरात लोक हे सरळ विचारत नाहीत. "नेपाळची का?" म्हणतात. "मणिपूर साइडची दिसते." एका लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या बाईनं तिच्यासमोरच मला विचारलं, "हिला आपलं जेवण चालते का?" मी उत्तर शोधेपर्यंत सूनच म्हणाली, "चालते ना काकू. कधी येऊ तुमच्या घरी?"

हे तिचं मराठी. हे मराठी कोणाचं आणि ते चालतं की नाही, यावरून पुढे बरंच काही झालं.

माझा मुलगा आखाती देशातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात एसीच्या प्लांटवर मेकॅनिक होता. ती तिथं नर्स. तिकडेच त्यांनी लग्न ठरवलं आणि मग मला फोनवर कळवलं. मी उमरेडच्या विणकराच्या घरातली. घरात दोन हातमाग होते, आम्ही सगळी भावंडं त्यांच्या खटखटीतच वाढलो. मी मॅट्रिक झाले, नागपूरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले आणि रिटायर होईपर्यंत कानाला हेडफोन लावून बसले. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा. तेव्हा ती बातमी ऐकून मी आनंदले वगैरे असं लिहिणार नाही. मी एवढंच विचारलं, "राहणार कुठी?" तो म्हणाला, "आपल्याच घरी. मी नेहमीसाठी परत येऊन राहिलो." ते ऐकल्यावर मी जरा निवळले.

दोघं आले ते नेमके मे महिन्यात. तिच्या गावाला समुद्र दारात, आणि इथं दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. मुलानं तिला हौसेनं अंबाझरीचा तलाव दाखवायला नेलं. परत आल्यावर मी विचारलं, कसा वाटला? ती इंग्रजीत म्हणाली, "छान आहे. पलीकडचा काठ दिसतो."

पहिल्या रविवारी मी मटणाचा सावजी रस्सा केला, भिवापूरच्या मिरचीचा, आमच्या माहेरच्या पद्धतीनं. तिच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं, पण तिनं ताट संपवलं. वर्षभरानं तिनं तोच रस्सा स्वतः केला आणि त्यात माझ्या पाठीमागे व्हिनेगर घातलं. मी पहिला घास घेतला आणि म्हटलं, "हे काय केलं वं?" ती म्हणाली, "माहं गाव टाकलं थोडंसं." मी भांडले. पण रस्सा बरा झाला होता.

तिला मराठी मी शिकवलं नाही. ती ऐकून ऐकून बोलायला लागली. घरात मी जशी बोलते तशी, भाजीवाला बोलतो तशी, समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई बोलतात तशी. "मले भूक लागली." "तो येऊन राहिला." "काहून रडतेस वं?" हे ऐकताना मला कधीकधी गंमत वाटायची, कारण मीच हे बोलणं आयुष्यभर दोन जागी वाटून वापरलं होतं. नोकरीला लागले तेव्हा आमच्या सुपरवायझर बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, लाइनवर पुण्या-मुंबईची माणसं असतात, तिथं "मले-तुले" चालणार नाही. मग मी लाइनवर "मला" म्हणायचे आणि घरी "मले". मला त्याचं काही दुःख नव्हतं. सगळेच तसं करत होते. सुनेला मात्र एकच मराठी मिळालं, घरातलं.

मुलानं इथं एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं. नात झाली. सात वर्षं सलग राहिल्यावर भारतीय नागरिकाच्या बायकोला नागरिकत्वासाठी नोंदणीचा अर्ज करता येतो, हे मुलानं केव्हाच शोधून ठेवलं होतं. ती मुदत भरली आणि तो कागद जमवायला लागला. त्याच हिवाळ्यात एका सकाळी दुकानाचं शटर वर करताना तो खाली बसला तो उठलाच नाही. डोक्यात रक्तस्राव झाला होता. धंतोलीतल्या हॉस्पिटलात त्याला ठेवलं. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. मी कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसून राहायचे, सूनच आत-बाहेर करायची.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन आणखी एका उपायाबद्दल बोलले. शब्द माझ्या कानावर पडत होते, आत जात नव्हते. मी "करा, करा" एवढंच म्हणत होते. डॉक्टर गेल्यावर सून माझ्यासमोर खाली फरशीवर बसली. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "आई, आता त्याले त्रास नका देऊ. तो चालला. त्याले जाऊ द्या."

ते मला समजलं. तिनं सांगितलं म्हणूनच समजलं.

तेराव्यानंतर चार दिवसांनी माझे धाकटे दीर आले. माणूस वाईट नाही. नरखेडकडे त्यांची संत्र्याची बाग आहे, मुलाच्या लग्नाच्या पार्टीचा खर्च त्यांनीच केला होता. चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनी, आता समजून-उमजून करा. पोरगी आपल्या रक्ताची आहे, ती राहीन. सुनेले तिच्या मायबापाकडे पाठवून द्या. लहान वय आहे तिचं. इथं तिचं कोण आहे?"

सून स्वयंपाकघरात होती. मधे फक्त पडदा. मी म्हटलं, "भाऊजी, ती ऐकून राहिली."

"ऐकू द्या ना. तिच्या भल्याचंच बोलून राहिलो."

ते गेल्यावर मी तिला समोर बसवलं. म्हटलं, त्यांचं सोड, पण मी तुला एकदा विचारते. तुला आईकडे जायचं असेल तर जा, आणि पोरीला घेऊन जा. पोरीला आईपासून कोणी तोडणार नाही, ते मी पाहीन. मी माझी पेन्शन खाईन आणि राहीन. माझ्यासाठी अडकू नको.

 ती म्हणाली, "तुम्ही मले हाकलून राहिल्या का?"

"नाही वं."

"मग कशाले विचारता? हे घर माहं आहे. मी कुठीच नाही जात."

तिनं उठून गॅसवरचं दूध उतरवलं. त्या दिवसापासून हा विषय आमच्या दोघींत पुन्हा निघाला नाही.

मुलानं जमवलेले कागद घेऊन आम्ही दोघी कचेरीत गेलो. खिडकीमागचा कारकून तरुण होता, बोलायला नम्र. त्यानं पानं उलटली, मृत्यूचा दाखला पाहिला आणि थांबला. म्हणाला, "मॅडम, हा अर्ज आता होणार नाही. हा नागरिकाच्या पत्नीसाठी आहे."

मी म्हटलं, "मग ही कोण आहे?"

"या विधवा आहेत."

"विधवा म्हणजे बायको नाही?"

त्यानं बोटानं एक ओळ दाखवली. म्हणाला, नियमात 'नागरिकाशी विवाहित आहे' असं लिहिलंय, मॅडम. आहे. वर्तमानकाळ.

मी त्याच्याशी भांडले नाही, कारण त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यालाही हे वाचून बरं वाटत नव्हतं. वकिलाकडे गेलो. वकील म्हणाले, दुसरा रस्ता आहे, देशीयकरणाचा. त्याला बारा वर्षांचं वास्तव्य लागतं, झालेली वर्षं त्यात धरून. म्हणजे नवऱ्याचं नाव न लावता, एकटीनं, स्वतःच्या बळावर. आणि तोपर्यंत व्हिसा वाढवत राहायचा.

सून म्हणाली, "बारा तं बारा."

तर ती वर्षं आम्ही काढली. परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या पोलिसांच्या ऑफिसात व्हिसा वाढवायला दर वेळी दोघी जायचो. तिथल्या बाकावर आमच्यासारखे बरेच असायचे. आफ्रिकेतून शिकायला आलेली मुलं, सीमेपलीकडून कधीचे येऊन राहिलेले म्हातारे. दर वेळी तोच प्रश्न: इथं राहण्याचं कारण? पहिल्या वर्षी ती सविस्तर सांगायची. पुढे पुढे म्हणायला लागली, "कारण बदललं नाही साहेब. मागच्या वर्षीचं पाहा."

कोरोनाच्या काळात एकदा आम्ही दोघी औषधं घेऊन चौकातून येत होतो. मास्क लावलेला. एका मोटरसायकलवर दोन जवान पोरं होती, त्यातलं मागचं ओरडलं, "ए कोरोना! चायना जा!" मी म्हटलं, चल, लक्ष देऊ नको. पुढे सिग्नल लाल झाला आणि मोटरसायकल थांबली. ती माझा हात सोडून सरळ त्यांच्यापाशी गेली.

"काहून बे, काय म्हणून राहिला होता तू? परत म्हण."

त्या पोराचा चेहरा मला अजून दिसतो. त्याला हिंदी किंवा इंग्रजी अपेक्षित असावं.

"तुह्या घरी शिकवलं नाही का कोणी, बाईमाणसाशी कसं बोलावं ते? इथल्याच नंदनवनची आहो मी. येतो का घरी, माही सासू आहे तिथी, तिच्यासमोर म्हण."

सासू म्हणजे मी तिथंच मागे उभी होते. मग पुढे झाले. सिग्नल सुटला तशी त्यांनी गाडी पळवली. भाजीच्या हातगाडीवरचा माणूस हसत होता. सुनेनं त्यालाही विचारलं, "तुम्हाले काय झालं गा?" तो मान खाली घालून भाजी लावायला लागला. घरी येऊन तिनं हात धुतले आणि मग बाथरूमचं दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. 

मुदत भरली. अर्ज टाकायचा तर त्याला बऱ्याच गोष्टी लागत होत्या. ती चांगल्या वर्तनाची आहे असं शपथेवर लिहून देणारे दोन भारतीय नागरिक. वर्तमानपत्रात एक सूचना, की अमुक बाई नागरिकत्वासाठी अर्ज करत आहे, कोणाची हरकत असेल तर लेखी कळवावी. आणि भाषेचं प्रमाणपत्र, म्हणजे एखादी भारतीय भाषा येते असं मान्यताप्राप्त संस्थेचं पत्र.

मी आधी दिरांकडे गेले. म्हटलं, घरातलंच माणूस सही करील तर बरं. ते म्हणाले, "वहिनी, मी नाही देत लिहून. दुसऱ्या देशाचं माणूस, उद्या काही झालं तं माही सही राहीन."

मी म्हटलं, "तुमचं नागपुरात ऑपरेशन झालं तेव्हा रोज ड्रेसिंग कोणी केलं होतं?"

"ते वेगळं. हे सरकारी काम आहे."

जाऊबाई आतून पाहत होत्या. मी पाणीसुद्धा न घेता उठले. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं ते झालंच.

सह्या माझ्या एक्सचेंजमधल्या मैत्रिणीनं आणि समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी केल्या. म्हाताऱ्या बाई नोटरीसमोर म्हणाल्या, "चांगली आहे असं नाही, भांडते. पण खरी आहे. तसं लिहा." नोटरीनं छापलेलं होतं तेच ठेवलं.

वर्तमानपत्रातली ती सूचना बोटभर जागेत आली होती. मी ती कापली आणि आमच्या बिल्डिंगच्या फलकावर, पाण्याची टाकी धुण्याच्या नोटिशीशेजारी चिकटवली. सेक्रेटरी आले. "अहो, हे इथं कशाला? घरगुती गोष्ट आहे तुमची."

"कोणाची हरकत असली तर त्याला कळायला नको? लेखी द्यायचं नसेल तर तोंडी सांगा. मी रोज संध्याकाळी खालीच बसते."

मी खरोखर खुर्ची टाकून बसले. लोक आले, "काय वं बाई, झालं का काम?" विचारून गेले. हरकत घेऊन कोणी आलं नाही. काहींनी फलकाकडे पाहिलंच नाही, ते कोण कोण हे माझ्या लक्षात आहे.

मग भाषेचं प्रमाणपत्र. कोणीतरी एका संस्थेचं नाव सुचवलं. तिथं आम्हाला एका वयस्क गृहस्थांसमोर बसवलं. ते मराठीचे निवृत्त प्राध्यापक. पुस्तकांनी भरलेली खोली, टेबलावर काच, काचेखाली कसले कसले फोटो. त्यांनी सुनेकडे कौतुकानं पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला मराठी येतं का?"

"हो सर, मले मराठी येते."

"मले नाही. मला."

"हो. मले मराठी बोलता येते, वाचता येते, लिहिता येते. माही पोरगी मराठीतच शिकून राहिली."

ते हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, प्रयत्न स्तुत्य आहे. पण ही बोली झाली. अशुद्ध आहे हो. प्रमाणपत्रावर मी मराठी येते असं लिहायचं, आणि उद्या दिल्लीच्या अधिकाऱ्यानं ऐकलं तर? सहा महिने एखादा वर्ग लावा. शुद्ध बोलायला लागल्या की घेऊन या."

मी टेलिफोनवर आयुष्य काढलेली बाई. रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे मला नोकरीनं शिकवलं होतं. पण त्या दिवशी ते काही उपयोगी पडलं नाही. मी म्हटलं, "सर, ही जे बोलते ते मी बोलते. माझी आई हेच बोलायची. मग आम्हाला मराठी येत नव्हतं का?"

"तसं नाही बाई. घरात ठीक आहे—"

"घरातच राहते ना ही! तुमच्या टेबलावर राहायला येणार आहे का?"

त्यांचा चेहरा उतरला. दार ढकलून आम्ही बाहेर आलो.  जवळच पोह्यांची गाडी होती, तिथं सुनेनं मला बाकावर बसवलं आणि दोन प्लेट तर्री पोहे सांगितले. चार घास पोटात गेल्यावर माझा राग उतरला आणि अक्कल चालायला लागली. म्हटलं, "ऐक. आपलं काम होणं महत्त्वाचं. दहा मिनिटं 'मला' म्हण. मी नोकरीत जन्मभर म्हटलं, माझं काय बिघडलं? उद्या परत जाऊ, मी माफी मागते."

ती पोहे खात होती. चमचा खाली ठेवला.

"आई, धंतोलीत मी तुम्हाले त्याच्याबद्दल सांगितलं. तेव्हा तुम्हाले समजलं होतं ना?"

मी मान हलवली.

"डॉक्टर शुद्ध बोलून राहिले होते. ते समजलं होतं का?"

"नाही."

"मग मी ते चुकीचं बोलली होती असं मी नाही म्हणत. कागद नाही भेटला तं नाही भेटला."

पोहेवाल्यानं तर्री वाढू का विचारलं. तिनं प्लेट पुढे केली.  

पुढच्या आठवड्यात मी उमरेडला गेले, सुनेला घेऊन. तिथल्या एका मुलींच्या शाळेत चौकशी केली. मुख्याध्यापिका तिथलीच, चाळिशीची, मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभी राहून पोरींवर ओरडत होती, "हळू पळा वं, पडसान!" मी मनात म्हटलं, इथं जमेल.

तिनं आमचं ऐकून घेतलं. पण पत्र काही लगेच दिलं नाही, आणि ते मला आवडलं. म्हणाली, "मी परीक्षा घेईन. सही माझी आहे." आठवीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला दिला. सुनेनं वाचला, जोडाक्षरांना थोडी अडखळत. मग कागद पुढे केला, "शेतातल्या मोटरपंपाची चोरी झाली असं समजून पोलिसांना तक्रार लिहा." सुनेनं पान भरून लिहिलं. मुख्याध्यापिकेनं वाचलं, आणि चष्मा काढून सुनेकडे पाहिलं.

"इथं तं तुम्ही सगळीकडे 'मला' लिहिलं. 'मला सकाळी समजले.' बोलताना तं 'मले' म्हणता."

"हो मग? लिहिताना मला, बोलताना मले. सगळेच असं करतात ना मॅडम? माही पोरगी तसंच करते."

मुख्याध्यापिका मोठ्यानं हसली. "बराबर आहे. मी पण तसंच करते." त्या प्राध्यापकांनी लिहायला सांगितलंच नव्हतं. मलाही माहीत नव्हतं की ती असं लिहिते. नातीचा अभ्यास घेता घेता शिकली असावी.

पत्रात मुख्याध्यापिकेनं लिहिलं की यांना मराठी उत्तम बोलता, वाचता व लिहिता येते. "उत्तम" शब्द आम्ही मागितला नव्हता.

अर्ज गेला. पोलीस घरी येऊन गेले, शेजाऱ्यांना विचारून गेले. एका चौकशीला आम्हा दोघींना बोलावलं होतं. साध्या कपड्यातला अधिकारी, बराच वेळ फाइल चाळत होता. मग म्हणाला, "नवरा नाही. तिकडे आई आहे, भाऊ आहेत. नागरिकत्व कशासाठी पाहिजे? व्हिसा तर मिळतोच आहे."

सून म्हणाली, "साहेब, मी इथंच मरणार आहो. त्या दिवशी व्हिसा संपलेला नको."

त्यानं लिहिणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. मग काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते आम्हाला कसं कळणार?

पुष्कळ महिने गेले आणि पत्र आलं की अर्ज तत्त्वतः मान्य आहे, आधीचं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्या. ते काम तिनं एकटीनं केलं. आपला पासपोर्ट परत द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं आईला व्हिडिओ कॉल लावला. त्यांची भाषा मला येत नाही. तिची आई छोटी, पांढऱ्या केसांची, मागे कपडे वाळत घातलेले, वाऱ्यानं उडत होते. आई रडत होती. सून रडत नव्हती, रागावल्यासारखी भरभर बोलत होती. मग तिनं फोन माझ्या हातात दिला. त्या बाईला माझं आणि मला तिचं काही समजणार नव्हतं. मी हात जोडले. तिनंही जोडले. मग सूनच म्हणाली, "आता ठेवा."

शेवटी प्रमाणपत्र घ्यायला बोलावलं. नात शाळा बुडवून आली होती, मी पातळ नेसले होते. अधिकाऱ्यांनी हसून कागद सुनेच्या हातात दिला. तिनं धन्यवाद म्हटलं, आणि तिथंच उभं राहून तो वाचला. मग परत टेबलावर ठेवला.

"यात माह्या आईचं नाव नाही."

झालं असं होतं की त्यांच्या देशात मधलं नाव आईच्या माहेरचं असतं. लग्नानंतर तिनं नाव बदललं नव्हतं, पासपोर्टवर, व्हिसावर, अर्जावर सगळीकडे तेच तीन शब्दांचं नाव होतं. या कागदावर मधला शब्द गळला होता.

बाजूचा बाबू म्हणाला, "अहो, एवढ्यानं काय होते? घेऊन जा. दुरुस्ती नंतर होते. परत पाठवलं तर किती महिने लागतील सांगता येत नाही."

मीही तिच्या कानाशी म्हटलं, "घे वं. एवढी वर्षं थांबलो."

तिनं माझ्याकडेही पाहिलं नाही. अधिकाऱ्यांना म्हणाली, "सर, पासपोर्ट मी देऊन टाकला. तिकडचं आता माह्याजवळ हे एक नाव आहे. ते मी नाही सोडत. हा कागद माहा नाही, ही दुसरी कोणी बाई आहे."

 अधिकाऱ्यांनी फाइल मागवली, अर्ज पाहिला, पासपोर्टची प्रत पाहिली. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण वेळ लागेल."

"लागू द्या."

आम्ही रिकाम्या हातानं घरी आलो. नात रस्ताभर रुसून बसली होती, कारण तिनं वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तिची आई त्या काळात कागदावर कुठल्याच देशाची नव्हती. तरी रोज सकाळी उठून डबा करत होती, भाजी आणत होती, भाव करत होती. काळजी मला होती. तिची झोप शाबूत होती.

पावसाळा संपताना नवं प्रमाणपत्र आलं. तिन्ही शब्द जागच्या जागी. या वेळी तिनं दोनदा वाचलं आणि मग सही केली.

बिल्डिंगमध्ये मी पेढे वाटले. फलकावरची सूचना केव्हाच कोणीतरी काढून टाकली होती, तरी सेक्रेटरींना मी चार पेढे जास्त दिले. तिसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आलेल्या बाईंनी सुनेला विचारलं, "म्हणजे आता तुम्ही इंडियन झाल्या?"

"मी तं होतीच," सून म्हणाली. "सरकारले आत्ता माहीत पडलं."

दिरांकडे जायचं नाही हे माझं ठरलेलं होतं. पण सुनेनं मला न विचारता एका डब्यात पेढे भरले आणि नरखेडकडे जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवून दिले. मी चिडले. म्हटलं, त्यांनी तुझ्यासाठी सही दिली नाही आणि तू पेढे पाठवतेस? ती म्हणाली, "खाऊ द्या ना. त्याहीनं नाही म्हटलं तरी झालं, हे त्याहीले कळलं पाहिजे."

दीर आले नाहीत, फोनही नाही. दहा-बारा दिवसांनी तोच माणूस डबा परत घेऊन आला. रिकामा नव्हता. जाऊबाईंनी त्यात साखर घालून दिली होती. दिरांना ते माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. साखर आम्ही आमच्या डब्यात ओतली आणि चहाला वापरली.